आकाश पाच मिनिटं लेट करा

वैशाली नगरच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. सूर्य बुडून गेला होता आणि पाच-सातशे माणसं डोळे गच्च मिटून बसली होती. मंचावर जामुनी बाबा उभा, एक हात आभाळाकडे, दुसरा कमरेवर. एकाएकी तो आपल्या आभाळातल्या देवीच्या नावानं किंचाळला, "व्हायब्रेशन! माई के व्हायब्रेशन आ गये! खोलो आँखें!"

लोकांनी डोळे उघडले, आणि बाप्पा! पश्चिमेचं अख्खं आभाळ जांभळं! भिलाईला तांबड्या आभाळाचं कौतुक नाही, पोलादाच्या प्लांटचा स्लॅग, म्हणजे वितळलेली लालभडक मळी, ओतला की ते होतंच. पण असं डोळे उघडताच एकदम जांभळं कोणी पाहिलं नव्हतं. बायका रडू लागल्या, पुरुषांनी हात जोडले. बाबानं तो उजेड ओंजळीत धरल्यासारखा केला आणि पहिल्या रांगेवर शिंपडला. गुडघे, शुगर, मूळव्याध, डोळे, सगळ्यांवर एकच औषध. मेडिकलवाल्याला तरी प्रत्येक रोगाची वेगळी गोळी ठेवावी लागते!

पहिल्या रांगेत वच्छलाबाई होत्या, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेल्या कृष्णरावांची बायको. त्यांना काचबिंदू. दुर्गच्या डॉक्टरनं बजावलं होतं, रोज दोनदा थेंब घालायचे, या रोगात गेलेली नजर परत येत नाही. आणि बाबानं सांगितलं होतं, थेंब बंद, माईचा उजेड पुरे. सतरा दिवस झाले, थेंबांची बाटली तशीच पडून होती आणि कृष्णरावांचा जीव टांगणीला लागला होता.

"अवं, आज तरी टाकू दे," ते बाटली घेऊन बायकोच्या मागं मागं फिरत.

"तुमीच टाका आपल्या डोळ्यात. माई कोपली तर? अन् मले फरक पडून राहिला."

"काय फरक? काल चहा कपाच्या बाहेर ओतला तू!"

"कप सरकला होता," वच्छलाबाई ठासून म्हणाल्या.

शेवटी कृष्णराव खालच्या मजल्यावरच्या आम्रपालीकडे गेले. ती प्लांटमध्ये हवेतली धूळ मोजायच्या कामावर होती.

"काका, हे जांभळं मी दीड महिन्यापासून छतावरून पाहून राहिली. बाबा तर आत्ता आला, वीसेक दिवसांआधी."

"मंग हे होऊन काय राहिलं? आपल्या प्लांटच्या चिमण्यांची धूळ?"

"ते तर खालीच राहते, परवाच्या पावसानं धुऊन निघाली. हे पावसाच्याही वरचं आहे. मागं सातासमुद्रापार ज्वालामुखी फुटला होता ना? त्याची जाड राख लवकर खाली पडते. पण गंधकाचा वायू ढगांच्या भल्ला वर जाते, अन् तिथं त्याचे आम्लाचे बारीक बारीक थेंब बनतात. तिथं पाऊसच नाही, तर धुणार कोण? वाऱ्यासंगं ते दूरदूर पसरतात, वर्ष-वर्ष राहतात."

"पण जांभळं कावून?"

"सूर्य आपल्यासाठी बुडाला तरी तेवढ्या उंचावर त्याचा तांबडा उजेड पोचते. तो थेंबांवर पडून पसरते, वरच्या निळ्यात मिसळते, अन् जांभळा दिसते. सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटांनी. आभाळ साफ असलं की रोज."

"म्हणजे टाइमटेबल आहे म्हण की!" कृष्णराव ताडकन उठले. जन्मभर गाडीची वेळ डायरीत लिहिलेला माणूस तो, त्याला एवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी सभा सुरू होताच ते मंचासमोर उभे राहिले. "बाबा, आभाळ तुमच्या हुकमानं जांभळं होते ना?"

"माई मेरी मुठ्ठी में है, बच्चा," बाबा सत्तरीच्या कृष्णरावांना म्हणाला.

"मंग आज पाच मिनिटं लेट करा. एवढी मोठी रेल्वे लेट होते, तुमाले काय जड?"

लोक खो खो हसले. मग मागून एक जण ओरडला, "हव, करा बाबा, दाखवून द्या यांले!" बघता बघता सगळं मैदान 'लेट करा, लेट करा' म्हणू लागलं. भक्तांचा विश्वासच बाबाला नडला. त्यानं घाम पुसला. "ठीक है. आज माई रुकेगी. पर जिसने आँख खोली, वो अंधा!"

सगळ्यांनी डोळे मिटले, कृष्णराव सोडून. पावणेसहाला आभाळात जांभळी झाक चढू लागली. आणि त्याच वेळी मंचावर आवाज आला, भुर्रर्र... भुर्रर्र...

वच्छलाबाईंची नजर अधू, पण कान तिखट. "बाबा," त्या भाबडेपणानं मोठ्यानं म्हणाल्या, "तुमचा फोन वाजून राहिला जी कमरेत. रोजच येते हा आवाज. मले वाटलं, हेच माईचे व्हायब्रेशन!"

बाबानं घाबरून कमरेला हात घातला, तसा फोन निसटून मंचावर पडला आणि तिथंच थरथरत राहिला. पडद्यावर अलार्म. रोजची सूर्यास्ताची वेळ बघायची, वीस मिनिटं मिळवायची आणि लोकांचे डोळे तोवर बंद ठेवायचे, म्हणजे हळूहळू चढणारा रंग एकदम उगवल्यासारखा वाटतो. एवढीच ती माई!

"राइट टाइम!" कृष्णराव गरजले. "उघडा डोळे, कोणी आंधळं होत नाही!"

"माईने... माईने जल्दी कर दी," बाबा चाचरला.

कृष्णरावांनी नागपूरला लेकीला फोन लावला, स्पीकरवर. "नूतन, आभाळ पाह्य बरं. कसं आहे?"

"अजून तांबडंच आहे पप्पा. कावून?"

"फोन चालू ठेव."

नऊ मिनिटं मैदान श्वास रोखून त्या फोनकडे बघत राहिलं. नागपूर पश्चिमेला, तिथं सूर्य तेवढाच उशिरा बुडतो. मग नूतन ओरडली, "पप्पा, झालं बरं का जांभळं!"

"तिथं हात कोणी वर केला?"

"कोणी नाही बाप्पा. मी दोरीवरचे कपडे काढून राहिली."

हशा असा उसळला की मंचामागून बाबा कधी सटकला ते कोणाला कळलंही नाही. वच्छलाबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"मंग माह्या डोळ्यावर इतके दिवस काय शिंपडलं त्यानं?"

"काही नाही काकू," ड्युटीवरून थेट मैदानात आलेली आम्रपाली त्यांचा हात धरत म्हणाली. "ओंजळ रिकामीच होती."

दुर्गच्या डॉक्टरनं तपासलं. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली होती, ती गेलीच. उरलेली नजर थेंबांवर टिकून आहे. आता संध्याकाळी कृष्णराव बायकोच्या डोळ्यांत थेंब घालतात आणि दोघं गच्चीवर बसतात. आभाळ अजून जांभळं होतं. "पाहाले सुंदर आहे," वच्छलाबाई परवा म्हणाल्या, "पण डावीकडून अर्धंच दिसते मले." कृष्णरावांनी थेंबांच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

म्हणून सांगतो, बाबांनो. आभाळ सुंदर आहे, पोटभर पाहा. पण कोणी म्हणालं की हे माझ्या हुकमानं होतं, तर लगेच हात जोडू नका. त्याला एवढंच म्हणा, पाच मिनिटं थांबवून दाखव. आणि तो थांबवून दाखवेपर्यंत आपलं औषध बंद करू नका.