चण्याएवढी गाठ

मेकनेस शहरातल्या आमच्या मोहल्ल्याच्या हमाममध्ये, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात, बायकांची अंगं घासणं हा माझा धंदा. बावीस वर्षं झाली. खरखरीत हातमोज्याने मळ निघतो, पण अंगाची खबर उघड्या हातालाच कळते, म्हणून शेवटचा साबण मी मोजा काढून लावते. सात वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीच्या, रहमाच्या छातीतली गाठ अशीच माझ्या बोटांना लागली. चण्याएवढी.

"उद्याच्या उद्या दवाखान्यात जा," मी म्हटलं. ती बिचारी सासूला विचारायला गेली. सासू कोण, तर लल्ला तामू, म्हणजे तामू बाईसाहेब! तिच्या परवानगीशिवाय त्या घरात भांडंसुद्धा वाजत नसे. तिच्या मुलीचं तेव्हा लग्न जमत होतं. "त्या रोगाचं नाव माझ्या घरात काढायचं नाही," ती म्हणाली. "घरात तसलं दुखणं आहे कळलं तर माझी पोरगी कोण करून घेईल? झाकली मूठ सव्वा लाखाची." आणि जडीबुटीवाल्याकडचा लेप आणून वर मधाच्या पट्ट्या बांधत बसली. दीड वर्ष! शेवटी रहमाला दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नुसती मान हलवली.

रहमा गेली. वर मातीला आलेल्या बायकांना तामू काय सांगते, तर महजूबाने हात लावला आणि दृष्ट लागली. महजूबा म्हणजे मी! वर्षभर एकही बाई माझ्यापुढे अंग घासून घ्यायला बसली नाही. तेव्हाच मी ठरवलं, ही थेरडी कधीतरी माझ्या हातात सापडेल, मग बघते.

आणि सापडली की! गेल्या साली रहमाच्या मुलीचं, नुझाचं लग्न ठरलं. लग्नाआधी नवरीला हमामला आणतात, दोन्हीकडच्या बायका जमतात. तामू नेहमी दुसऱ्या घासणारीकडे, जहूरकडे बसायची, पण जहूरचं मनगट मोडलेलं. नाइलाजाने म्हातारी माझ्यापुढे पालथी पडली.

"जरा जोर लाव गं," ती म्हणाली. "तुझी बहीणही अशीच रडतखडत काम करायची."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी मोजा दाबून घासला. पाठ झाली, ती उताणी वळली, मोजा काढून मी साबण लावला. डाव्या काखेजवळ माझी बोटं थांबली. तशीच गाठ, तेवढीच, दाबली तरी जागची न हलणारी.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. म्हटलं, महजूबे, तोंडातून ब्र काढू नकोस. पाणी ओत आणि घरी पाठव. दीड वर्षाने हिच्या मातीला जाऊ आणि तिथल्या जेवणात पोटभर कुस्कुस खाऊ.

तेवढ्यात तामूने माझं मनगट धरलं. तिला माहीत होतं! "बोलू नकोस," ती कुजबुजली. "पोरीचं लग्न होऊ दे. मी लेप लावतेय."

म्हणजे ती मागतेय तेच द्यायचं आणि सूडही उगवायचा. इतकं सोपं! मी पाण्याचा तांब्या उचललासुद्धा. समोर नुझा केस धूत बसली होती, सगळी आईच्या वळणावर गेलेली. उद्या हिला गाठ झाली तर? हिच्याही छातीवर मधच बांधतील. आणि ही म्हातारी तोंड मिटून मेली, तर इभ्रतीने पुरली जाईल आणि रहमाच्या मरणाचा ठपका कायमचा माझ्या हातावर राहील. छे! इतक्या स्वस्तात हिला सोडते होय?

मी तांब्या आपटला आणि ओरडले, "लल्ला तामूच्या छातीत गाठ आहे! कॅन्सरची असेल, तपासायला हवी!" हमामच्या घुमटाने ते दोनदा म्हटलं.

"मेले, हळू बोल! लग्न मोडशील पोरीचं!"

"हळू बोलूनच माझी रहमा गेली!"

नवऱ्या मुलाची आई, हज्जा राबिया, जागेवरून उठली. काय करून बसले मी? नुझा तशीच ओलीचिंब आजीपुढे येऊन उभी राहिली. "आजी, आईला हेच झालं होतं ना? मावशीची दृष्ट नव्हती ना लागली?"

तामूने तोंड फिरवलं. हज्जा राबियाने तिच्या अंगावर पंचा टाकला. "लग्न महिनाभर पुढे गेलं तर आभाळ कोसळत नाही," ती म्हणाली. "आधी हिला दवाखान्यात न्या."

नेलं. कॅन्सरच निघाला, पण पसरला नव्हता. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, परत आले. नुझाचं लग्नही झालं. बरी झाल्यावर पहिल्यांदा तामू हमामला आली, तेव्हा जहूरचं मनगट बरं झालं होतं. पण तिच्याकडे जायला निघालेल्या म्हातारीला नुझाने हाताला धरून माझ्यापुढे बसवलं. मी म्हटलं, "इथे बसायचं तर तोंड उघडावं लागेल."

आता दर गुरुवारी ती येते. तिचा व्रण बघून कुणी नवी बाई कुजबुजली, की मी मोजा खाली ठेवते. "सांग," मी म्हणते.

"चण्याएवढी होती," म्हातारी मान खाली घालून सांगते. "वेळेत कळली म्हणून वाचले. सुनेलाही तेवढीच होती. मी तिला मधाच्या पट्ट्या बांधल्या."

"मोठ्याने."

ती परत सांगते. मग बायका एकेक करून माझ्याकडे येतात, "तपास," म्हणतात, आणि मी त्यांना दवाखान्याचा वार सांगते. मेली असती तर तामू एकदाच सुटली असती. मी तिच्या पाठीवर पाणी ओतते, जरा जास्तच गरम.