साहेबांच्या उंचीची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे; पण मला साधीसुधी समजू नका. मला पाठ टेकायला कमानदार आधार आहे आणि बैठकीखाली एक दांडी आहे. ती ओढली की मी खालीवर होते. कारखान्यातून निघाले तेव्हा मला या दांडीचा कोण अभिमान होता!

मी आले ती रुग्णवाहिकेसाठी लोकांचे फोन येतात त्या खोलीत. तिथल्या लोखंडी खुर्च्यांनी सगळ्यांच्या पाठीचा पार भुगा केला होता. म्हणून मोठे साहेब वरिष्ठांच्या हात धुऊन मागे लागले आणि आम्हा नव्या खुर्च्यांना घेऊन आले. साहेब ताडमाड उंच. त्यांनी मला पार वर चढवले आणि वर्षानुवर्षे तिथूनच माणसांचे जीव वाचवले.

ते निवृत्त झाले आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या ताई माझ्यावर बसू लागल्या. चणीने लहानखुऱ्या, पण आवाज असा, की घाबरलेल्या माणसाच्या जिवात जीव यावा. मला त्यांचे फार कौतुक. एकच गोष्ट समजेना. त्यांनी दांडीला कधी हातच लावला नाही!

"साहेबांची बैठक आहे, तशीच राहू दे," असे त्या म्हणत. झाडणाऱ्या मावशीसुद्धा दांडी सोडून मला पुसत. ताईंचे पाय अधांतरी लोंबत. पायांखाली जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांचा गठ्ठा ठेवला, तर तो सारखा घसरे. पाठ दुखू लागली, मग कळ पायापर्यंत उतरू लागली.

"डॉक्टर म्हणतात, असंच बसणार असाल तर काम सोडा," ताईंनी एक दिवस शेजारच्या टेबलावर फोन घेणाऱ्या बाईंना सांगितले. महिनाअखेरीस निघायचे त्यांनी ठरवले होते. मला फार वाईट वाटले.

एके दुपारी साहेब सहज भेटायला आले. नेमका तेव्हाच फोन वाजला. एका आजोबांच्या घशात घास अडकला होता आणि त्यांची सून रडत होती.

"रडू नकोस बाळा, मी आहे ना. आधी त्यांच्या मागे उभी राहा," ताई सांगू लागल्या. बोलता बोलता त्यांच्या पाठीत उसण भरली. चेहरा पांढराफटक पडला, हाताने टेबल घट्ट धरले. पण आवाज तसूभरही हलला नाही. पलीकडून आजोबांचे खोकणे, मग बोलणे ऐकू आले, तेव्हाच त्यांनी डोळे मिटले. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

साहेबांचे लक्ष त्या लोंबणाऱ्या पायांकडे गेले.

"अगं, खुर्ची खाली का नाही घेतलीस?"

"तुमची बैठक, साहेब. मोडायची कशी?"

"वेडी आहेस का? मी उंच, म्हणून ती उंच. यात आदर कसला आलाय?"

साहेब गुडघा टेकून खाली बसले आणि त्यांनी स्वतः माझी दांडी ओढली. मी हळूच खाली आले. ताईंचे पाय जमिनीला टेकले आणि त्यांना रडूच फुटले.

मित्रांनो, पाठ काही एका दिवसात बरी झाली नाही. व्यायाम, मधूनमधून उठून चालणे, सगळे करावे लागले. पण महिनाअखेर आली आणि गेली; ताई गेल्या नाहीत. आता माझी चाके कुरकुरतात, कापड विरले आहे, तरी त्या मलाच ओढून घेतात.

तुम्हीही कधीतरी कुणाच्या जागेवर बसाल. त्याचे काम मनापासून पुढे न्या, त्याला मान द्या. पण आधी खुर्ची आपल्या उंचीची करून घ्या. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.