कुंचीने पाहिलेला उन्हाळा

मित्रांनो, मी एक जुनी कुंची आहे. तान्ह्या बाळाच्या टोपीला पाठीवरून झूल जोडली की जे होतं, ते मी. मंडईजवळच्या दुकानातून हिरवा खण आणून केयूरच्या आत्याने मला शिवलं. आतून जाड अस्तर, हनुवटीखाली दोन बंद. केयूर ऐन पौषात जन्मला. मी त्याला थंडीतून सांभाळलं, आणि येणारा-जाणारा माझं कौतुक करत होता. होळीआधीच माझी घडी कपाटात गेली.

म्हणून उन्हाळा मला ठाऊकच नव्हता. कपाटात नुसता पंख्याचा आवाज यायचा. असं काय येतं बाहेर, की सगळे इतके वैतागतात? मला फार कुतूहल होतं.

तीस वर्षांनी केयूरला मुलगी झाली. मुक्ताई. कोथरूडला वरच्या मजल्यावर घर, वैशाख सुरू, आणि ती जेमतेम दोन महिन्यांची. केयूरचे वडील भीमराव, घरातले आबा, यांनी नातीसाठी नवा कूलर आणला. मग कूलरचा वारा तिला बाधेल म्हणून मला बाहेर काढलं.

"म्हणजे बाळासाठी कूलर आणि कूलरसाठी कुंची!" तिची आई तनुजा म्हणाली. पण आबांचा उत्साह पाहून तिने माझे बंद सोडले नाहीत. मी तर हरखून गेले होते.

एका दुपारी वीज गेली. कूलर थांबला, मी मात्र डोक्यावरच राहिले. तनुजाचा शेजारच्या खोलीत डोळा लागला होता. आबांनी मुक्ताईचे तळहात चाचपले. ते गार लागले, म्हणून त्यांनी माझे बंद आणखी आवळले.

"किती शहाणी! हूं की चूं नाही," ते म्हणाले.

मी तिच्या मानेला चिकटून होते. तिथे चटका बसत होता. माझं अस्तर आतून भिजलं. हाच का तो उन्हाळा? मग हात गार आणि मान गरम, असं कसं? मी नवलाने विचार करत राहिले. तेवढ्यात तिचा श्वास भराभर चालू लागला आणि मूठ सैल पडली. मित्रांनो, तेव्हा मी घाबरले. माझे बंद मला सोडता येत नाहीत.

बाळाला तेल लावून अंघोळ घालणाऱ्या तुळजाबाई त्या दिवशी उशिरा आल्या. त्यांनी सवयीने मानेमागे बोट घातलं.

"आवं आजोबा, हात न्हाई, मान बघा! पोर तापलीया निस्ती. काढा ते आधी!"

भिजलेली गाठ सुटेना. तुळजाबाईंनी कात्रीने माझा बंद कापला. मला दुखलं असेलही, माझं लक्ष नव्हतं. तनुजा धावत आली. तिने मुक्ताईचे कपडे काढले, साध्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने अंग पुसलं आणि तिला छातीशी घेतलं. आबा पुठ्ठ्याने वारा घालत होते. मुक्ताई दूध ओढेना. मग तिने एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि मोठ्याने भोकाड पसरलं. इतका गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता.

लगेच दवाखान्यात नेलं. परतल्यावर डॉक्टर काय म्हणाले ते तनुजाने तुळजाबाईंना सांगितलं. लहान बाळाचे हातपाय एरवीही गार लागतात, गरम होतंय का ते मानेमागे आणि छातीवर बघायचं. घरात डोकं उघडं, अंगावर एकच पातळ सुती कापड, दूध वरचेवर. बाळ मलूल वाटलं तर थांबायचं नाही, तडक डॉक्टरांकडे.

"माझ्याच हातांनी आवळले गं," आबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"माया लई हाय तुमची," तुळजाबाई म्हणाल्या. "जरा पातळ करा."

आता मी पाळण्याजवळच्या खुंटीवर असते. आबा तासातासाला मुक्ताईच्या मानेमागे बोट लावून बघतात. माझा तुटका बंद कुणी शिवलेला नाही, आणि शिवूही नका. थंडी येईल तेव्हा मुक्ताईचं डोकं माझ्यात मावणार नाही, हे मला कळतं. पण तुमच्या घरात तान्हं बाळ असेल, तर उन्हाळ्यात माझ्या बहिणींना कपाटातच राहू द्या. आम्हाला वाईट वाटेल. वाटू दे.