पुतळाबाईंचा उजवा हात

"मावशी, मान थोडी डावीकडे. नाही, आधी होती तेवढीच."

"मान आहे तिथंच आहे. तूच सरकली असशील."

मुलीने खाली पाहिलं. तिच्या स्टुलाचे पाय खरंच खडूच्या खुणांबाहेर गेले होते. तिने स्टूल मागे ओढलं आणि समोरची मान जिथल्या तिथे आली. पुतळाबाई मनातल्या मनात हसल्या. चेहऱ्यावर त्याची रेषही उमटली नाही, इतक्या वर्षांत तेवढं जमायला लागलं होतं.

पुतळाबाई हे नाव अर्थात पोरांनी ठेवलेलं. त्यांची नेमणूक शाळेच्या रसायन प्रयोगशाळेत होती. बाटल्या भरायच्या, परीक्षानळ्या धुवायच्या, पोरांनी सांडलेलं पुसायचं आणि भाजलेल्या बोटांवर गार पाणी सोडायचं. एका वर्षी चित्रकलेच्या सरांनी समोर बसवायला ठरवलेला वॉचमन ऐन वेळी गायब झाला, तेव्हा सरांनी जिन्यावरून उतरणाऱ्या या बाईंना गाठलं. "मावशी, दहा मिनिटं बसता का?" मावशी बसल्या त्या भिंतीवरचं ऊन जाईपर्यंत बसल्या. नाकावर माशी चालून गेली तरी पापणी लवली नाही. दुसऱ्या दिवशी सगळी शाळा त्यांना पुतळाबाई म्हणू लागली. त्यांना राग येण्याऐवजी आनंदच झाला. घरात आणि बाहेर जन्मभर 'हे आण, ते उचल' ऐकलेल्या बाईला नुसतं बसण्याबद्दल शाबासकी मिळाली होती.

तेव्हापासून दरवर्षी स्पर्धा जवळ आली की पुतळाबाईंची खुर्ची चित्रकलेच्या वर्गात मांडली जाई. स्पर्धा मोठ्या कला महाविद्यालयाची, शाळेच्या शेवटच्या दोन वर्गांतल्या मुलांसाठी. तीन चित्रं पाठवायची. एक समोर मांडलेल्या वस्तूंचं, एक मनातलं आणि एक माणूस समोर बसवून काढलेलं. जो पहिला येईल त्याचं पुढचं सगळं शिक्षण महाविद्यालय करणार. सरांच्या कारकिर्दीत तिघांना ती शिष्यवृत्ती मिळाली होती आणि तिघांचीही चित्रं खालच्या व्हरांड्यात लागली होती. तिन्ही चित्रांत पुतळाबाईच. पहिल्यात केस काळे, तिसऱ्यात पांढरे. मधल्या चित्रात एका पठ्ठ्याने त्यांना चक्क मुख्याध्यापिकांचं नाक बसवलं होतं. "नाक कुणाचं का असेना, बक्षीस तर आलं," असं पुतळाबाई म्हणत आणि दर सोमवारी आपली तिन्ही तोंडं स्वतःच पुसत.

त्या तिन्ही चित्रांत हात मात्र कुठेच नव्हते. एकात शालीखाली, एकात एप्रनच्या खिशात, एकात पुतळाबाईंनी कधीच न वाचलेल्या एका जाड पुस्तकामागे. तो सरांचा नियम होता. "भल्याभल्यांना हात जमत नाहीत," ते पोरांना सांगत. "झाकली मूठ सव्वा लाखाची. परीक्षकांना बोट ठेवायला जागाच देऊ नका."

यंदा सरांची सगळी आशा या एका मुलीवर होती. ती चौकातल्या इस्त्रीवाल्याची मुलगी. बोलायला कंजूष, पण कापडाच्या सुरकुत्या अशा काढायची की चित्राला हात लावून बघावंसं वाटे. "घरी घड्या घालायच्या आणि इथं चुण्या काढायच्या," असं ती एकदा म्हणाली होती, तेवढाच तिचा विनोद. शाळा संपली की तिने दुकानात उभं राहायचं, हे घरी ठरल्यासारखंच होतं. बापाने दुसरं टेबल आणूनही ठेवलं होतं. बाप वाईट नव्हता. शिष्यवृत्ती मिळाली तर जा म्हणाला होता, आणि न मिळण्याची तयारी म्हणून टेबल आणलं होतं.

दुसऱ्या बैठकीला तिची पेन्सिल मध्येच थांबली.

"मावशी, तुमचा हात..."

पुतळाबाईंनी उजवा हात डाव्या हाताखाली सारला. "गारठा आहे," त्या म्हणाल्या.

गारठा नव्हता. हे गेल्या वर्षापासून सुरू झालं होतं, आणि त्यातली गंमत अशी की काम करताना हात अगदी शहाणा असे. आम्लाची बाटली उचलावी, नरसाळ्यातून थेंबथेंब ओतावं, काही नाही. तोच हात मांडीवर निवांत ठेवला की अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासायला लागत, जणू चिमटीत काही चोळतायत. मग मनगट, मग सगळा पंजा. म्हणून पुतळाबाईंनी हाताला निवांत ठेवणंच सोडून दिलं होतं. जेवणाच्या सुट्टीतही त्यांच्या हातात फडकं असे. सुनेने घरी एकदा विचारलं होतं, "आई, हात का हलतोय तुमचा?" तर त्या म्हणाल्या होत्या, "रिकामा आहे म्हणून." सुनेला ते उत्तर पटलं नव्हतं, पण तिने पुढे विचारलं नाही.

शाळेत कळू द्यायचं नव्हतं. वॉचमनला कमी दिसतं असं कळल्यावर मुख्याध्यापिकांनी त्याला हार घालून घरी पाठवलं होतं, तेही अगदी प्रेमाने. पुतळाबाईंना त्या प्रेमाचीच धास्ती होती. घरी त्यांच्या वाट्याला खिडकीजवळची एक खुर्ची होती, आणि त्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं चित्र कोणी काढत नाही.

तिसऱ्या बैठकीला मुलगी म्हणाली, "मावशी, उजवा हात वर ठेवाल?"

"सर लपवा म्हणतात ना?"

"मला नाही लपवायचा."

"का गं?"

तिने पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, "झाकलेला हात काढला ना, की तुम्ही बसलाय असं वाटतच नाही. नुसतं डोकं ठेवलंय असं वाटतं."

पुतळाबाई विचारात पडल्या. नाही म्हणणं सोपं होतं. पण खालच्या व्हरांड्यातली आपली तीन तोंडं त्यांना आठवली, आणि पोरगी म्हणते ते खरं आहे हेही कळलं. शिवाय त्यांचा एक साधा हिशोब होता. चित्रात कुठं काही हलतं? वाहती नदी काढली तरी ती कागदावर थांबतेच. हातही थांबेल. उलट आपला हात थांबलेला बघायला मिळेल.

"काढ," त्या म्हणाल्या आणि उजवा हात वर घेतला. थोड्याच वेळात तो सुरू झाला. मुलगी बघत होती आणि काढत होती. त्या दिवसापासून ती आधीपेक्षाही कमी बोलू लागली.

चित्र पूर्ण झालं त्या दुपारी वर्गात तिघंच होते. सर, मुलगी आणि कोपऱ्यातल्या सिंकपाशी ब्रश धुणाऱ्या पुतळाबाई. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रं न्यायला गाडी येणार होती. सर चित्रापुढे उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. चेहरा, केस, एप्रनच्या चुण्या, खुर्चीच्या हातावरचा उडालेला रंग, सगळं असं स्वच्छ की बोट लावलं तर बोटाला जाणवेल. मग त्यांची नजर खाली गेली.

"हे काय? हात पुसला गेला?"

मुलीने रंगाची बोटं फडक्याला पुसली.

"अगं, बोटांना कडाच नाहीत! एकावर एक चार हात दिसतायत. चेहऱ्यावर एवढी मेहनत घेतलीस आणि इथं घाई केलीस?"

पुतळाबाईंनी लांबूनच बघितलं. एक नजर पुरली. कागदावर हात थांबला नव्हता. रंग इतके हलके एकमेकांत सोडले होते की अंगठा बोटावर घासतोय हे सिंकपासून दिसत होतं. इतक्या दिवसांत डॉक्टरांना दाखवलं नव्हतं, सुनेपाशी कबूल केलं नव्हतं, आणि या पोरीने सगळ्या जगाला दिसेल असं कागदावर ठेवलं होतं. पहिल्यांदा त्यांना संताप आला. हातातला ब्रश त्यांनी नळाखाली जोरात आपटला.

"परीक्षक काय म्हणतील? हात येत नाही म्हणतील," सर म्हणाले. "म्हणूनच सांगत होतो, झाक. बोल की. असं का केलंस?"

मुलीने एकदा सिंककडे पाहिलं. तिला खरं सांगता आलं असतं, एका वाक्याचं काम होतं. "मला हात काढता येत नाहीत, सर," ती म्हणाली.

"मग आधी विचारायचं नाही का? बरं, असू दे. मी करून देतो. पाच मिनिटांचं काम आहे, खांद्यावरून एक शाल आणू खाली." सरांनी ताटलीत रंग कालवला. ते मनाने चांगले होते. पोरीच्या बापाने आणलेलं टेबल त्यांनाही माहीत होतं.

पुतळाबाईंना आता काहीच करायचं नव्हतं. नुसतं ब्रश धूत राहायचं होतं. शाल खाली येणार, हात झाकला जाणार, नोकरी तशीच राहणार. आणि त्या मुलीकडे बघायचं नव्हतं. पण त्यांनी बघितलं. मुलगी सरांच्या ब्रशकडे बघत होती आणि तिचे ओठ घट्ट मिटले होते. खोटं तिने कुणासाठी सांगितलं हे पुतळाबाईंना कळलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी नळ बंद केला, हात एप्रनला पुसले आणि खुर्चीकडे गेल्या. खडूच्या खुणा अजून होत्या. त्यांनी पाय खुणांवर ठेवले, मान नेहमीच्या जागी आणली आणि उजवा हात मांडीवर ठेवला.

"सर, जरा इकडं बघा."

"काय झालं, मावशी?"

"काही नाही. बघा नुसतं."

सर बघत राहिले. आधी काहीच झालं नाही. मग अंगठा हलला, मग बोट, मग मनगट. पुतळाबाईंनी हात झाकला नाही. सरांनी एकदा त्या हाताकडे आणि एकदा चित्राकडे पाहिलं, असं दोनतीनदा केलं.

"पोरीनं दिसलं ते काढलंय," पुतळाबाई म्हणाल्या. "एवढे दिवस बसले मी समोर. खोटं काय काढेल?"

सरांनी ब्रश पाण्यात बुडवला. ताटलीतला कालवलेला रंग सिंकमध्ये ओतून दिला. मग ते मुलीला एवढंच म्हणाले, "खाली सही कर. लहान कर."

निकाल लागला आणि मुलगी पहिली आली. शाळेत पेढे नाहीत की मिरवणूक नाही, पण घंटेनंतर सगळ्या वर्गांत जाहीर झालं. इस्त्रीवाला स्वतः शाळेत आला. सरांना भेटला, आणि काय बोलावं ते न सुचून त्यांचा कोट इस्त्रीला घेऊन गेला. सरांनी कोणालाच काही सांगितलं नव्हतं. पण बक्षीस समारंभाला मुख्याध्यापिका गेल्या आणि त्या चित्रापुढे बराच वेळ थांबल्या. त्या हुशार बाई होत्या.

परत आल्यावर त्यांनी पुतळाबाईंना बोलावून समोर बसायला सांगितलं.

"डॉक्टरांना दाखवलंत का?"

"नाही."

"मावशी, तुम्ही आम्लं हाताळता. मुलं असतात तिथं."

"आजवर एक बाटली फोडली नाही, बाई."

"माहीत आहे मला. पण फुटेल त्या दिवशी मी कोणाला काय सांगू?"

हात दाखवून अवलक्षण, पुतळाबाई मनात म्हणाल्या, आणि त्यांना थोडं हसूही आलं. बोलता बोलता मांडीवरचा हात सुरू झाला होता. मुख्याध्यापिकांनी नजर दुसरीकडे वळवली. ते पुतळाबाईंना फार लागलं. इतकी वर्षं या शाळेत लोकांनी त्यांच्याकडे बघत राहावं म्हणूनच तर त्या बसत होत्या.

पुतळाबाईंच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मुलगी प्रयोगशाळेच्या दारात आली. सामान बांधून झालं होतं तिचं, दोन दिवसांनी निघायची होती.

"माझ्यामुळे झालं, मावशी."

"तुझ्यामुळे कसं? हात माझा आहे."

"मी नुसता एक हात काढला असता तर..."

"तर व्हरांड्यात चौथं डोकं लागलं असतं," पुतळाबाई म्हणाल्या. "तिथं गेल्यावर कोण बसतं गं तुमच्यापुढं?"

"पगारी माणसं असतात म्हणे."

"हलतात का बघ. हलली तर माझं नाव सांग."

मुलगी हसली आणि मग तिला रडू आलं. पुतळाबाईंनी तिला थोपटलं नाही, त्यांच्या दोन्ही हातांत धुतलेल्या परीक्षानळ्या होत्या. त्या त्यांनी आधी नीट जाळीत लावल्या. तोवर मुलगी डोळे पुसून निघून गेली होती.

प्रयोगशाळेची किल्ली देऊन झाल्यावर त्या खालच्या व्हरांड्यात आल्या. सोमवार नव्हता, तरी फडकं बरोबर होतं. पहिलं चित्र पुसलं, दुसऱ्यातल्या मुख्याध्यापिकांच्या नाकावरची धूळ जरा जास्तच पुसली, तिसरंही पुसलं. मग चौथ्यापाशी थांबल्या. ते कालच लागलं होतं. काचेवर धूळ अशी नव्हतीच, कुणा पोराच्या बोटांचे ठसे होते, बरोबर हाताच्या जागी. कोणीतरी हात लावून बघितलं होतं.

पुतळाबाईंनी काचेवर फुंकर मारली आणि ठसे हलकेच पुसले. काचेआड मांडीवरचा हात थरथरत होता. फडकं धरलेला हात स्थिर होता.