कॅसेटमधली चाल

देवीदास भर मंडळात बोलून बसला, आणि बोललेला शब्द गिळता येत नाही.

गाव मूर्तिजापूरच्या अलीकडचं. देवीदासचं तिथं दोन एकर रान, त्यात गोबी, मेथी आणि कडेनं झेंडू. माळ्याच्या घरात जन्मला, माळीकामात केस पिकले. पण गावात त्याला ओळखत ते खंजिरीसाठी. भजनी मंडळात पुढं बसायचा मान तीस वर्षं त्याच्याकडे होता. हा मान त्याला गुरूकडून, नत्थुजींकडून मिळाला होता. नत्थुजींनी स्वतः रचलेली एक गवळण होती: 'पाण्याले गेली राधा, घागर राहिली काठावर.' या गवळणीतल्या 'घागर' शब्दावर देवीदास सूर खाली उतरवत असे, हळूच, विहिरीत बादली सोडावी तसा. त्यानं दोन पिढ्यांना तसंच शिकवलं होतं.

नत्थुजींचा दुसरा चेला उत्तमराव. तो वीस वर्षांपूर्वी मुलाच्या मागं अकोल्याला गेला आणि तिथं त्यानं आपलं मंडळ उभं केलं. त्याची घागर वर जात असे. दोघांत भांडण कधी झालं नाही, फक्त बोलणं बंद पडलं. यंदा नत्थुजींच्या पुण्यतिथीला दोन्ही मंडळांनी एका बैठकीला बसून गवळण म्हणायचं ठरलं, तेव्हा प्रश्न निघाला की कोणाच्या चालीत म्हणायची. उत्तमरावानं निरोप धाडला, घागर वर जाते. देवीदासला राग आला.

"माह्यापाशी नत्थुजींची कॅसेट हाये," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "तिच्यात घागर खाली गेली नसली, त मी म्होरं बसनं सोडतो. मांगच्या रांगेत टाळ घेऊन बसीन."

कॅसेट होती, हे खरं. पण ती त्यानं दहा वर्षांत लावली नव्हती. घरी जाऊन टेपवर लावली तर सगळी खरखर. त्यात बारा जणांचे टाळ, मागं कोणाचं तरी लेकरू रडतंय, आणि 'घागर' आली की नेमके टाळ असे कडाडत की नत्थुजींचा गळा त्यात बुडून जाई. त्यानं टेपला कान लावला. मग दुसरा कान लावला. खाली जाते असं वाटे, पण ते कानाला वाटत होतं की मनाला, हे त्याला सांगता येईना.

सून साधना भाजी निवडत हे बघत होती. लग्नाआधी तिनं नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात पाच वर्षं काम केलं होतं. यंत्रांच्या गोंगाटात बोलणं कसं ऐकायचं ते तिला माहीत होतं.

"मामाजी, अशानं काई होनार नाई. कान पुरा झाकनारा हेडफोन घ्या. अन् आपल्या टेपात दम नाई, त्याले जोडाले एक छोटा अॅम्प्लिफायर लागन."

"केवढ्याले पडते?"

"जेवढ्याले घ्यान तेवढ्याले."

"आठ हजार. त्याच्या वर एक रुपया नाई," देवीदास म्हणाला. झेंडूचे आलेले पैसे तेवढेच होते.

दोघं टेप पिशवीत घालून एसटीनं अमरावतीला गेले. दुकान मोठं होतं आणि दुकानदाराचं नाव शेखर. त्यानं आधी देवीदासच्या डोक्यावर एक काळा हेडफोन चढवला आणि आपल्या मोबाइलवरचं गाणं सुरू केलं. देवीदासच्या दाढांपर्यंत धम्म धम्म झालं.

"कसा वाटला काका? बेस पाहा बेस!"

"वरातीत नाचाले चांगला हाये. मले भजन आयकाचं हाये."

साधना तोंडावर पदर धरून हसली. शेखरही हसला आणि मग जरा नीट बोलू लागला. त्यानं दुसरा हेडफोन काढला. टेपला जोडला तर आवाज शेजारच्या गावातून आल्यासारखा.

"हा जड हेडफोन आहे, काका. याला ताकद लागते. अॅम्प्लिफायरशिवाय हा बोलत नाही. आणि दोन्ही मिळून तुमच्या बजेटच्या बाहेर."

"मंग बजेटात काय बसते?"

"एक तर भारी हेडफोन आणि हलका अॅम्प्लिफायर, नाहीतर भारी अॅम्प्लिफायर आणि साधा हेडफोन. मी म्हणेन हेडफोनवर जास्त पैसे टाका. कानाला शेवटी तोच लागतो."

हा सल्ला सरळ होता. पण देवीदासनं आयुष्यात दोन विहिरींवर चार मोटारी बसवल्या होत्या. गावात सगळ्यांची एकच रीत: लाइटीला व्होल्टेज नसतं, म्हणून तीन हॉर्सपॉवरचं काम असलं तरी पाचची मोटार घ्यायची. पाइप कसाही चालतो. पाइप मागाहून बदलता येतो.

"मोटार दमदार पाह्यजे," तो साधनेला म्हणाला. "पाइपाचं मंग पाहू."

"मामाजी, हे काही वावर नाई."

"यंतर त यंतरच हाये न वं. दम असला म्हंजे काम होते."

शेखरनं खांदे उडवले. गिऱ्हाईक पैसे मोजायला तयार असलं की दुकानदार किती वेळ नाही म्हणणार? साडेपाच हजारांचा अॅम्प्लिफायर आणि दोन हजारांचा हेडफोन असं सामान पिशवीत पडलं. अॅम्प्लिफायर विटेएवढा आणि विटेइतकाच जड होता. देवीदासला ते वजन आवडलं.

घरी आल्यावर त्यानं हातपाय धुतले, नत्थुजींच्या फोटोपुढं उदबत्ती लावली, आणि हेडफोन चढवून बसला. आवाजाचं बटण जेमतेम हलवलं तर कानात टाळ फुटल्यासारखे वाजले. त्यानं घाबरून मागं फिरवलं, तर उजव्या कानात भजन आणि डावा कान मुका. थोडं पुढं नेलं की कानठळ्या, थोडं मागं नेलं की एकाच कानात. आणि खरखर तर अशी, की तव्यावर कोणी सारखं पाणी शिंपडत आहे. नत्थुजी त्यात कुठं तरी होते.

तीन दिवस त्यानं खटपट केली. चौथ्या दिवशी मंडळातला एक जण वाटेत भेटला आणि म्हणाला, "काय देवीदासभाऊ, घागर कुठपर्यंत आली?"

"भरून राहिली," देवीदास म्हणाला आणि पुढं गेला. पण त्याला रात्री जेवण गेलं नाही. पुण्यतिथीला नऊ दिवस उरले होते.

अमरावतीचा शेखर विकलेला माल परत घेत नव्हता, तसं बिलावरच छापलं होतं. साधनेनं चार ठिकाणी फोन केले तेव्हा अकोल्याच्या ज्योत्स्नाबाईंचं नाव निघालं. नवरा वारल्यावर त्यांनी त्याचं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायला घेतलं होतं, आणि मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून गावोगावच्या भजनी मंडळांची रेकॉर्डिंगही त्या करत. वय साठीचं, चष्म्याला दोरी, तोंडात सुपारी.

त्यांनी अॅम्प्लिफायर हातात घेतला, हेडफोन हातात घेतला, आणि एकदा देवीदासकडे पाहिलं.

"हे लगन कोनं जमवलं?"

"मीनंच," देवीदास म्हणाला.

"नवरी लहान, नवरदेव पैलवान. भाऊ, हा हेडफोन असा हाये की फुंकर मारली तरी बोलते. त्याले तुमी पैलवानाच्या हाती दिला. मंग तो खरखर नाई करन त काय करन?"

"व्होल्टेज पडते म्हनून लोकं पाचची मोटार घेतात, तसं मी..."

"तुमचं गाव खारपान पट्ट्यात येते न?"

"येते."

"मंग पाचच्या मोटारीनं विहीर उपसली की काय होते?"

 देवीदासच्या गावात वरचं पाणी गोड आणि खालचं खारट. जास्त जोर लावून ओढलं की खारट वर येतं आणि झेंडू करपतो. हे त्याच्या रानात दोनदा झालं होतं. हे माहीत असलेला माणूस दुकानात गेला आणि विसरला.

"खारं येते," तो म्हणाला.

"तेच कानात आलं."

ज्योत्स्नाबाईंकडे इंजिनिअरिंगचा एक पोरगा येत असे. त्याच्याकडे जड हेडफोन होता आणि तो असाच दमदार अॅम्प्लिफायर शोधत होता. बाईंनी त्याला फोन लावला, व्यवहार पाच मिनिटांत झाला, थोडं नुकसान देवीदासनं सोसलं. मग बाईंनी कपाटातून एक हेडफोन काढला. दिसायला साधा, कानावरच्या गाद्या जरा विटलेल्या.

"हा मी दोन वर्सं रेकॉर्डिंगले वापरला. नवा तुमाले परवडनार नाई. यात बेस नाई, गोडवा नाई, जे हाये ते दाखवते. अन् त्याले हा आगपेटीएवढा अॅम्प्लिफायर पुरते. दोन्ही मिळून तुमच्या पैशात बसते. पन घ्याच्या आधी आयका. आयकल्याबिगर माल नेनं म्हंजे पोरगी न पाहता कुंकू लावनं."

देवीदासनं पिशवीतून टेप काढला. बाईंनी वायरी जोडल्या. मागच्या खोलीचं दार लावून घेतलं, आणि बाहेरच्या रिक्षांचा आवाज थांबला.

खरखर होती, पण ती एका बाजूला बसली होती, भिंतीशी बसलेल्या म्हाताऱ्यासारखी. टाळ डावीकडे होते. लेकरू उजवीकडे रडत होतं, आणि त्याला कोणी बाई 'चूप, चूप' म्हणत होती, ती देवीदासनं आजवर कधी ऐकली नव्हती. मध्ये नत्थुजी होते. त्यांनी गवळण घेतली. 'पाण्याले गेली राधा.' देवीदासनं डोळे मिटले. 'घागर' आली आणि टाळ कडाडले.

नत्थुजी वर गेले.

खाली जाणारा सूरही होता. त्याला तो ओळखीचा होता, कारण तो नत्थुजींचा नव्हताच. तो मागच्या साथीचा होता, कोवळा, जोरकस, टाळांच्या अगदी जवळ बसलेल्या माणसाचा. देवीदासचा. कॅसेट भरली त्या दिवशी तो पंचविसाचा होता आणि गुरू वर जात असताना तो बेधडक खाली जात होता. गुरूनं त्याला थांबवलं नव्हतं.

त्यानं टेप मागं नेला आणि पुन्हा ऐकलं. पाच वेळा ऐकलं. पाचही वेळा नत्थुजी वर गेले. मग त्यानं हेडफोन काढून साधनेच्या डोक्यावर ठेवला. तिनं ऐकलं आणि हेडफोन काढताना केस नीट करण्यात जरा जास्त वेळ घालवला.

"घेता न भाऊ?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

"घेतो. माल खरा हाये." त्यानं पैसे दिले. "ताई, उत्तमराव भजनवाले कुठं राह्यतात?"

उत्तमराव जुन्या अकोल्यात, मुलाच्या घरी, ओट्यावर खाट टाकून बसलेला सापडला. देवीदासला पाहून तो उठला नाही. पण खाटेवर सरकला.

"काहून आला?"

"घागर वर जाते," देवीदास उभ्यानंच म्हणाला. "आता आयकून आलो. खाली जानारा मी होतो. तुह्यासंगं मंडळासमोर येऊन सांगतो, अन् मांगं बसतो."

 उत्तमरावानं आत डोकावून सुनेला चहा टाकायला सांगितलं.

"खरं सांगू का देवीदास? मलेबी पक्कं मालूम नोतं. तू खाली जात होता, म्हनून मी वर गेलो. तुह्यासारखं म्हनलं असतं त लोक म्हनले असते, देवीदासचा चेला हाये."

साधना इतक्या जोरात हसली की आतली सून बाहेर आली. देवीदासला हसू आलं नाही, पण तो खाटेवर बसला.

"मंग आता तू म्होरं बस," तो म्हणाला.

"कसा बसू? माहे वरचे दात गेले, वरचा सूर लागत नाई. गेल्या साली घागरीवर आवाज फाटला, पोरं हसले. मांगं बसतो म्हनशीन अन् सुटशीन, तसं नाई होनार. म्होरं तूच बसशीन. पन चाल नत्थुजीची म्हनशीन."

"तीस वर्सं खाली गेलो. आता आठ दिवसांत वर कसा जाऊ?"

"थे मले काय विचारतं? म्हन."

चहा आला. देवीदासनं बशीत ओतला, प्यायला, गळा साफ केला आणि गवळण घेतली. 'पाण्याले गेली राधा,' आणि 'घागर' खाली गेली. उत्तमरावानं खाटेच्या दांडीवर बोट आपटलं. पुन्हा घेतली, पुन्हा खाली गेली. तिसऱ्या वेळी तो अर्ध्यात थांबला, वर जाऊ लागला आणि सूर फुटला. समोरच्या घरातली माणसं दारात आली.

साधनेनं मोबाइलात वेळ पाहिली. शेवटच्या एसटीला अजून दीड तास होता. ती ओट्याच्या पायरीवर बसली.

"आजून एकडाव," उत्तमराव म्हणाला.