सातव्या भागाचं पुनःप्रक्षेपण

किल्लीवाल्याने दोन खोल्यांमधलं दार बिजागऱ्यांतून उचललं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. आता आतल्या खोलीत बसणाऱ्यांनाही टीव्ही सरळ दिसणार होता. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नसल्यामुळे सगळा भार खांद्यावर घ्यावा लागला. खांदा चांगलाच दुखला, पण आज त्याची कशाबद्दलच तक्रार नव्हती.

"अहो, दार काढायची काय गरज होती?" बायको म्हणाली. "एवढी माणसं येणार आहेत का आपल्याकडे?"

"येतील. बघच तू."

"तीन वर्षांत कोणी पाऊल टाकलं नाही इथे."

"म्हणूनच येतील," तो म्हणाला आणि शेजारून मागून आणलेल्या खुर्च्या फडक्याने पुसायला लागला.

पोलिसांच्या लाचखोरीवरच्या त्या मालिकेने सगळ्या शहराला वेड लावलं होतं. तिच्यातला फौजदार असा नीच होता की लोकांना तो अगदी घरातला वाटायला लागला होता. "खरं काय ते मी ठरवतो, तू फक्त सही कर," हे त्याचं वाक्य जिन्यात, दुकानात, दवाखान्याच्या रांगेत ऐकू यायचं, आणि म्हणणारे ते मोठ्या लाडाने म्हणायचे. मालिकेचा सातवा भाग काल, शनिवारी रात्री दाखवला गेला होता. रविवारी दुपारी चारला तोच भाग पुन्हा लागायचा. किल्लीवाल्याने काल टीव्ही लावलाच नाही, बायकोलाही लावू दिला नाही. आठवडाभर तो इमारतीतल्या एकेका दारावर जाऊन सांगून आला होता, "रविवारी आमच्याकडे या. माझीच गोष्ट आहे ती. शब्दन्‌शब्द माझा आहे. सगळ्यांनी मिळून बघू."

गोष्ट त्याची होती हे मात्र खरं. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या चार सोन्याच्या बांगड्या कपाटातून गेल्या. त्याच आठवड्यात कपाटाचं कुलूप किल्लीवाल्याने बदललं होतं, त्यामुळे पोलिसांना फार लांब जावं लागलं नाही. आजींच्या भाच्याने फौजदाराचा खिसा गरम केला आणि मग दुसऱ्या कोणाची साधी चौकशीसुद्धा झाली नाही. किल्लीवाला नऊ दिवस कोठडीत होता. बांगड्या काही सापडल्या नाहीत. कोर्टाने त्याला पुराव्याअभावी सोडलं आणि शेजाऱ्यांनी त्यातला अभाव तेवढा ध्यानात ठेवला. तेव्हापासून लोक त्याच्याकडे किल्ली करायला आले तरी तिथेच उभे राहत. कानस फिरायची थांबली की आपली किल्ली आणि नवी किल्ली दोन्ही उचलत, आणि जाताना त्याच्या पुढ्यातल्या कोऱ्या किल्ल्यांवरूनही एक नजर फिरवून घेत. ज्याच्या हाती लोक डोळे झाकून घराच्या किल्ल्या सोपवायचे, त्याला हे रोज गिळावं लागे.

मग एक दिवस मालिकेची लेखिका आली. चार दिवस ती त्याच्या दुकानात स्टुलावर बसून होती. तो बोलत गेला, ती लिहीत गेली. त्याने तिला सगळं सांगितलं. बायकोला सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. ऐकताना तिचे डोळे भरून आले होते, आणि आपल्यासाठी कोणी परकं माणूस रडलं याचं त्याला इतकं अप्रूप वाटलं की तिला चहाचे पैसेही त्याने देऊ दिले नाहीत.

आता इमारतीतल्या चाळीसही दारांची कुलपं बदलायची होती. कारागीर याच इमारतीत राहत होता, तरी त्याला कोणी विचारलं नव्हतं. तोच शेवटी सेक्रेटरींकडे गेला. सेक्रेटरी हसून म्हणाले, "आधी तुमची ती मालिका होऊन जाऊ द्या. मग बघू." चाळीस दारं पुन्हा आपल्या हाताखालून जातील, लोक किल्ली देऊन निवांत आत निघून जातील, एवढंच त्याला हवं होतं. आज दुपारी चारच्या भागावर त्याची सगळी भिस्त होती.

पावणेचारलाच माणसं यायला लागली. सेक्रेटरी सपत्नीक आले. शिकवणीच्या बाई स्वतःची उशी घेऊन आल्या. वरच्या मजल्यावरचे निवृत्त कारकून आले, त्यांच्यामागे त्यांच्या सुना आल्या. ज्यांनी जिन्यात कधी मान वर केली नव्हती तेही आले. खुर्च्या संपल्या, पलंग भरला, आतली खोलीही भरली. किल्लीवाला बायकोकडे बघून डोळ्यांनीच म्हणाला, बघितलंस?

कारकुनांना त्याने समोरची खुर्ची देऊ केली.

"नको नको, मला इथेच बरं," असं म्हणून ते टीव्हीच्या कपाटाशेजारी, टीव्हीकडे जवळजवळ पाठ करून बसले. "मानेचं दुखणं आहे. मला नुसतं ऐकलं तरी पुरतं."

सगळ्यात शेवटी काठी टेकत आजी आल्या. खोलीतली कुजबुज थांबली. किल्लीवाल्याने स्वतःची खुर्ची त्यांना दिली आणि आपण पुढे स्टुलावर बसला. आजी त्याच्या घरी आल्या याचाच अर्थ अर्धं काम झालं, असं त्याला वाटलं.

भाग सुरू झाला. मालिकेतला माणूसही किल्ल्या करणाराच होता. कोऱ्या किल्ल्या त्याने तशाच तारेत ओवून टांगल्या होत्या, आणि घरात कोपऱ्यात, इथल्यासारखंच, शिवणयंत्रही होतं. फौजदार जीपमधून उतरला तेव्हा दोघातिघांनी ओळखीचं माणूस भेटल्यासारखं "आले!" म्हटलं. भाच्याने पाकीट सरकवलं. फौजदाराने ते न मोजता खिशात घातलं. मग कोठडी आली, आणि मग ते टेबल.

किल्लीवाल्याला ठाऊक होतं पुढे काय आहे. फौजदार टेबलाचा खण उघडतो, याचा हात आत ठेवायला लावतो आणि गुडघ्याने खण बंद करतो. एकदा नाही, सहीला हो म्हणेपर्यंत.

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "आता बघा हं." कोणीतरी त्याला गप्प केलं.

खण बंद झाल्याचा आवाज आला तशी किल्लीवाल्याने मान फिरवली. त्याला ते पाहवेना. सगळ्यांनी तोंडावर हात घेतले असतील, असं त्याला वाटलं होतं. पण लोक टीव्हीकडे बघतच नव्हते, त्याच्याकडे बघत होते. नजरेला नजर मिळताच त्यांनी घाईघाईने डोळे वळवले. बिचाऱ्यांना स्वतःचीच लाज वाटतेय, असं त्याच्या मनात आलं.

"गाडीच्या दारात सापडली म्हणाला होतात," बायको त्याच्या कानाशी म्हणाली.

"काय?"

"बोटं. मला गाडीच्या दारात सापडली म्हणून सांगितलंत."

"तुला त्रास नको म्हणून."

"आणि तिला सांगितलंत."

तो पुन्हा टीव्हीकडे वळला. शेवटची पाच मिनिटं उरली होती. मालिकेतला माणूस कोर्टातून सुटला, लंगडत घरी आला. त्याची बायको त्याच्या गळ्यात पडून रडली आणि पाणी आणायला आत गेली. किल्लीवाल्याने सुस्कारा सोडला. मग पडद्यावरचा तो माणूस कोपऱ्यातल्या शिवणयंत्रापाशी बसला. त्याने कमरेची बारीक किल्ली काढली, यंत्राखालची फळी उघडली आणि फडक्यात गुंडाळलेल्या चार बांगड्या बाहेर काढल्या. त्यांतली एक मोडक्या बोटांवर चढवून त्याने उजेडात धरली. आणि तो हसला. संगीत सुरू झालं, नावं सरकायला लागली.

किल्लीवाला स्टुलावरच बसून राहिला. त्याला तिसऱ्या दिवसाची दुपार आठवली. लेखिकेने विचारलं होतं, आज त्या सगळ्याबद्दल काय वाटतं? तो म्हणाला होता, "एवढा मार खाल्ला बाई, त्यापेक्षा खरोखरच घेतल्या असत्या तर बरं झालं असतं." ती हसली होती आणि तेही तिने लिहून घेतलं होतं. ती हसली म्हणून त्यालाही स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

"काय कलाटणी दिलीय!" कारकून म्हणाले. ते अजून त्याच्याच चेहऱ्याकडे बघत होते.

"मला तर काल रात्री झोपच..." शिकवणीच्या बाई बोलता बोलता थांबल्या आणि त्यांनी उशी छातीशी धरली.

"काल?" किल्लीवाल्याने विचारलं. "तुम्ही काल पाहिला?"

बाईंनी सेक्रेटरींकडे बघितलं. शेवटी कारकुनांनाच त्याची कीव आली.

"अहो, सगळ्यांनीच पाहिला. आख्ख्या इमारतीने. आज तुमच्याबरोबर बघायचा होता, म्हणून आलो."

आता त्याला कळलं की खुर्च्या का कमी पडल्या. त्याने सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. वाईट कोणालाच वाटलेलं दिसत नव्हतं. पैसे वसूल झालेली माणसं दिसतात तशी ती दिसत होती.

"हे असं झालेलं नाही," तो म्हणाला. "हे शेवटचं तिने मनाने घातलंय."

"मालिकाच आहे हो ती. मनावर कशाला घेता?" सेक्रेटरी म्हणाले.

"पण एक सांगा," कारकून म्हणाले, "ते खणाचं खरं, भाच्याचं खरं, जीपचा रंगसुद्धा खरा. आणि नेमकं शेवटचं तेवढंच खोटं? शब्दन्‌शब्द माझा आहे, असं तुम्हीच सांगत होतात ना?"

"खरं काय ते मी ठरवतो," आतल्या खोलीतून कोणीतरी फौजदाराचा आवाज काढला, "तू फक्त सही कर!" आणि खोली हसली. सेक्रेटरीणबाईंनी तर डोळे टिपले.

हसता हसता चार-पाच नजरा कोपऱ्यातल्या शिवणयंत्राकडे गेल्या. बायकोने ते पाहिलं. ती तरातरा गेली, यंत्रावरचं कापड तिने ओढून काढलं आणि खालची फळी खाडकन उघडली.

"बघा. या, जवळ येऊन बघा."

आत दोऱ्याची रिळं होती, मोडक्या सुया होत्या, तेलाची बाटली होती.

"आता कशाला असतील तिथे?" कारकुनांची सून शांतपणे म्हणाली.

मग माणसं उठली. कोणी चहाचं कौतुक केलं, कोणी खुर्ची घडी करून भिंतीशी ठेवली. रीतभात कोणी सोडली नाही. सेक्रेटरी दाराशी थबकले.

"ते कुलपांचं आज सकाळीच ठरवून टाकलं आम्ही. बाहेरचा माणूस आहे. तुमचे हात हे असे, तुम्हाला झेपलंही नसतं. हो ना?"

किल्लीवाल्याने मान डोलावली.

खोली रिकामी झाली. बायको कप गोळा करायला लागली. आजी मात्र खुर्चीतून उठल्या नव्हत्या. त्या सगळे जायची वाट बघत होत्या. निदान या तरी चुकलं म्हणतील, या आशेने तो त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"तुझा हात दाखव," आजी म्हणाल्या.

त्याने दाखवला. आजींनी ती दोन ताठ बोटं आपल्या दोन्ही हातांत धरली. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं.

"हे मला माहीत नव्हतं रे. काल पाहिलं तेव्हा जीव तुटला माझा. एवढं व्हायला नको होतं."

"आजी..."

"ऐक. चार नकोत मला. एवढा मार खाल्लास, तीन तुझ्या. मला कबूल आहे. एक तेवढी दे. माझ्या आईची आहे ती. मी कोणाला सांगणार नाही. भाच्यालासुद्धा नाही."

किल्लीवाल्याने हात सोडवून घेतला नाही. त्याने बायकोकडे बघितलं. नऊ दिवस ही बाई चौकीच्या पायरीवर बसून होती. फौजदाराच्या तोंडावर तिने सांगितलं होतं की माझा नवरा दुसऱ्याच्या टाचणीलाही हात लावणार नाही. आताही तीच बोलेल, म्हणून तो थांबला.

बायको हातातले कप तसेच धरून उभी होती. आजींकडे तिचं लक्षच नव्हतं. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तो काय उत्तर देतो याची वाट पाहत होती.