फाटकावरची हाजरी

साहेब फळ्यावर दोन चौकोन काढून त्यांच्यामध्ये बाण ओढत होते, तेव्हा गुणवंतराव मागच्या बाकावर आपला हिशेब करत होते. बांधकाम खातं आणि नाल्यांचं खातं एक झालं, तर आपल्याला हातांची खुर्ची मिळेल. डोक्यावर पंखा मिळेल, तोही कुणाशी वाटून न घ्यायचा. रस्त्याकडची खिडकी मिळेल. आणि मे महिन्याच्या उन्हात तलावाच्या फाटकावर जाऊन उभं राहणं कायमचं संपेल. जाणार काय? नाली खात्याची ओल धरलेली खोली आणि तिच्यातलं स्टूल. त्या स्टुलाचा एक पाय तसाही आखूड होता.

साल सत्त्याण्णव. चंद्रपूर जिल्ह्यातली ती छोटी नगरपरिषद. घुग्घुसकडून येणाऱ्या कोळशाच्या ट्रकांनी कचेरीच्या फायलींवरसुद्धा काळा थर बसायचा. मुख्याधिकारी नवे होते, तरुण होते, आणि कार्यक्षमता हा शब्द त्यांना फार आवडायचा.

"वेळ कुठे वाया जातो, तेवढं सांगा," ते म्हणाले.

वेळ कुठे वाया जातो हे सांगणं म्हणजे आपलाच पत्ता सांगणं. गुणवंतराव मात्र उठले. बावीस वर्षं ते नाली खात्याचं मस्टर लिहीत होते आणि वाया जाणारा वेळ दुसऱ्याचा असला की त्यांना तो लांबून दिसायचा.

"फाटकावर, साहेब. रोजचा अर्धा तास."

गावाच्या वरच्या अंगाला तलाव होता, खालच्या अंगाला नदी. मध्ये बाजाराखालून गेलेला मोठा नाला, वरून फरशा घालून झाकलेला. पावसाळ्याआधी पंधरा दिवस नऊ मजूर त्यात उतरून गाळ सैल करत. दुपारी चार वाजता तलावाचं लोखंडी फाटक उघडून पाणी सोडलं, की सैल गाळ नदीपर्यंत वाहून जाई. पण पाणी सोडण्याआधी कय्यूमची हाजरी असे.

कय्यूम फाटकवाला. त्याच्या आधी त्याचा बाप फाटकवाला होता आणि हाजरीची रीत बापाचीच. नाल्याच्या नदीकडच्या तोंडाशी बाहेर पडलेले मजूर किलोमीटरभर चालत परत फाटकापाशी येत आणि रांगेत उभे राहत. कय्यूम फाटकाच्या चाकावर हात ठेवून एकेकाचं नाव पुकारी. ज्याचं नाव त्यानेच "हौ" म्हणायचं. शेजारच्याने म्हटलेलं चालत नसे, हात वर केलेला चालत नसे. एकाचं "हौ" राहिलं तर चाक फिरत नसे. एकदा नगराध्यक्ष स्वतः जीपमधून आले होते, पाणी सोड म्हणून. एक मजूर तंबाखू आणायला गेलेला. कय्यूमने नगराध्यक्षांना आंब्याच्या सावलीत बसवलं, मजुराला बाजारातून धरून आणवलं, त्याच्याकडून "हौ" म्हणवून घेतलं आणि मगच चाकाला हात लावला.

"नऊ माणसं, अर्धा तास," साहेब म्हणाले. "म्हणजे रोजचे साडेचार तास. नुसते चालण्यात!"

गुणवंतरावांनी खेद वाटल्यासारखी मान हलवली.

नवी पद्धत आठवड्यात लागू झाली. मजुरांनी खालच्या तोंडाशी बाहेर पडायचं, तिथेच उभ्या असलेल्या बांधकाम खात्याच्या टेम्पोत बसायचं आणि कचेरीत यायचं. गुणवंतरावांनी मोजून फाटकाजवळच्या पंपघरात फोन करायचा. फोन आला की कय्यूमने फाटक उघडायचं. त्याशिवाय दोन्ही खात्यांची अवजारं एका कोठारात आली. गुणवंतरावांनी प्रत्येक फावड्यावर आणि घमेल्यावर पांढऱ्या रंगाने नंबर टाकून घेतले. नंबर कमी भरला, तर ज्याच्या नावावर तो असेल त्याला दुसऱ्या दिवशी काम नाही.

ही बातमी सांगायला ते शेवटचं म्हणून फाटकावर गेले.

"म्हंजे मी कोनाले पुकारू?" कय्यूमने विचारलं.

"कोनालेच नाई. तुमाले आराम."

"आराम तं हाय भाऊ. पन बिना आवाजाचं पानी सोडाचं?"

"कय्यूमभाई, आवाजानं नाली साफ होते का?"

बाजूला झाडू बसला होता, नऊ मजुरांपैकी एक. कुरखेड्याकडच्या जंगलातल्या एका गावचा गोंड. धानाची कापणी झाली की बायको सोमारीला घेऊन कामाला यायचा. तो हसला. "गुणवंतभाऊले पंखा भेटला ना जी. आता ते उनात कायले येतील?"

सगळे हसले. गुणवंतरावही हसले, कारण खरं होतं.

पहिले सहा दिवस सुरळीत गेले. साहेबांनी वाचलेल्या तासांचा तक्ता करून भिंतीवर लावला.

सातव्या दिवशी पावणेचारला टेम्पो कचेरीच्या फाटकातून आत शिरला. ऊन असं होतं की आवारातलं कुत्रंसुद्धा नळाखाली आडवं झालेलं. गुणवंतरावांनी खुर्चीतून न उठता खिडकीतून पाहिलं. टेम्पोच्या फळीवर टॉवेल गुंडाळलेली डोकी दिसत होती. त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने मोजली. नऊ.

नववं डोकं धनराजचं होतं. धनराज रस्त्याच्या डांबर टोळीतला. सायकल पंक्चर झाली म्हणून वाटेत टेम्पोला लटकला होता.

फोन कय्यूमनेच उचलला.

"नऊ आले. उघडा."

"नावं सांगा ना भाऊ."

"नऊ म्हंजे नऊ!"

"एक डाव नावं घ्या. माह्या मनाले बरं वाटते."

गुणवंतरावांनी एका हाताने मस्टर उघडलं आणि नावं वाचली. वाचता वाचता प्रत्येक नावामागे स्वतःच "हौ" म्हणत गेले, लग्नात मंगलाष्टकं उरकावीत तसे. पाचवं नाव झाडूचं होतं.

पलीकडे फोन खरखरला. मग कय्यूम म्हणाला, "आवाज कोन देऊन राह्यलं?"

"मी देऊन राह्यलो ना! आता काय एकेकाले फोनवर आनू? साहेब बसून हायत इथी."

साहेब तिथे नव्हते. चार वाजता कय्यूमने चाक फिरवलं.

झाडू त्या वेळी बाजाराखाली होता. टेम्पोत चढताना त्याच्या लक्षात आलं होतं की आपलं घमेलं, सत्तावीस नंबरचं, आतच राहिलं. "तुमी व्हा समोर, मी आलोच," असं सांगून तो नाल्यात परत शिरला. उद्याचं काम जाईल, ही भीती. बाकीच्यांना वाटलं, फाटकावर कळेलच. इतकी वर्षं कळतच आलं होतं. हाजरी बंद झालेली त्यांना ठाऊक होती, पण तिच्यावरचा भरवसा अजून बंद झालेला नव्हता.

साडेपाचला तो नदीकडच्या तोंडाशी, गाळात सापडला. घमेलं त्याच्याही आधी बाहेर आलं होतं. घमेल्याला पोचासुद्धा पडला नव्हता.

चौकशी एका दुपारची. साहेबांनी विचारलं, फाटक कुणी उघडलं? कय्यूम म्हणाला, "म्या उघडलं जी." कुणाच्या सांगण्यावरून, हे त्यांनी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. गुणवंतराव दाराशी फाईल घेऊन उभे होते. फायलीत त्यांनीच टिपून ठेवलेली ओळ होती: 'चारला पाच कमी. पंपघर. नऊ आले.' एवढा कागद पुढे सरकवायचा, की कय्यूम सुटत होता. पण मग खिडकी, पंखा आणि खुर्ची यांचाही विचार करायला हवा होता. त्यांनी केला. कागद फायलीतच राहिला.

बाहेर पडताना कय्यूम त्यांच्यापाशी थांबला. शिव्या देईल म्हणून गुणवंतरावांनी मान खाली घातली.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "त्याच्या नावाले तुमी हौ म्हटलं. मले तवाच समजलं होतं का हा आवाज त्याचा नोहे. तरी म्या चाक फिरवलं. मी तुमाले काय बोलू?"

त्याला माजरी रस्त्यावरच्या जकात नाक्यावर बसवलं. फाटकावर मोटार बसली. बटन दाबलं की उघडायचं.

सोमारी गावी गेली. गोंडांच्या रीतीप्रमाणे मेलेल्या झाडूच्या नावाचा दगड उभा करून महिन्याभराने परत आली. तिला कचेरीत झाडलोटीला लावून घ्यावं, हा शेरा गुणवंतरावांनी स्वतः लिहिला, सुंदर अक्षरात. तिच्या हाती कचऱ्यासाठी कोठारातून घमेलं दिलं गेलं. सत्तावीस नंबरचं. देणाऱ्याच्या काही ध्यानात आलं नाही. सोमारीला अंक वाचता येत नव्हते. गुणवंतरावांना येत होते.

ज्या खिडकीसाठी एवढं केलं, तिच्याखालूनच त्या नाल्याची एक फांदी गेलेली आणि त्या फांदीच्या तोंडावर जाळी होती. पाऊस लागला आणि पाणी वाहू लागलं. पहिल्या आठवड्यात गुणवंतरावांनी खिडकी लावून घेतली. दुसऱ्या आठवड्यात खुर्ची भिंतीकडे सरकवली. पंखा बंद ठेवू लागले, कारण पंख्याच्या घरघरीत खालचा आवाज नीट ऐकू येत नसे, आणि नीट ऐकू आला नाही, की तो शब्दासारखा वाटे.

मग त्यांनी संध्याकाळची हाजरी सुरू केली. कुणाचा हुकूम नव्हता. कामावरून आलेले मजूर व्हरांड्यात उभे करायचे, मस्टर उघडायचं, नावं पुकारायची. ज्याचं त्याने "हौ" म्हणायचं.

"आता काऊन जी?" धनराजने पहिल्या दिवशी विचारलं. "आता तं फाटक बी मोटारीचं हाय."

"उभा राह्य चुपचाप."

चार नावं झाली की पाचवं नाव यायचं. त्या ओळीवर कधीच लाल रेघ पडली होती. नवं मस्टर आलं तेव्हा ते नावच गळलं. तरी गुणवंतराव चौथ्यानंतर थांबत आणि म्हणत, "झाडू." मग वाट पाहत. मजूर पायाच्या अंगठ्याकडे बघत उभे. खाली पाणी वाजे. कधी दहा मिनिटं जात, कधी वीस. त्यांना पुढचं नाव घेता येत नसे आणि मस्टर मिटताही येत नसे. घरी जायला उशीर होतो म्हणून मजूर कुरकुरत, पण गुणवंतरावांना हलवायला कुणी धजत नसे.

श्रावणातल्या एका संध्याकाळी असंच झालं. "झाडू," गुणवंतराव म्हणाले आणि थांबले. सोमारी व्हरांड्याच्या टोकाला कचरा भरत होती. महिनाभर ती हे रोज ऐकत होती; एकदाही तिने मान वर केली नव्हती. त्या दिवशी तिने घमेलं खाली ठेवलं, पदर नीट केला आणि सरळ उभी राहिली.

"हौ," ती म्हणाली.

गुणवंतरावांनी वर पाहिलं.

"म्हटलं ना जी, हौ. आता घ्या समोरचं नाव. लोकायले घरी जाऊ द्या."

त्यांनी पुढचं नाव घेतलं. मग त्याच्या पुढचं. मस्टर मिटलं गेलं. सोमारीने घमेलं कमरेवर घेतलं आणि ती मागच्या दाराने गेली.

तेव्हापासून रोज तसंच. चौथ्या नावानंतर ती हातातलं काम ठेवून उभी राहते, एक शब्द बोलते आणि परत कामाला लागते.

एकूण ताळेबंद असा निघाला. साहेबांना त्या तक्त्यावर बढती मिळाली. तक्ता ते सोबत घेऊन गेले. वाचलेला अर्धा तास संध्याकाळच्या हाजरीत परत गेला. गुणवंतरावांची खुर्ची कायम राहिली. पंखा आणि खिडकी असून नसल्यासारखी. कय्यूमने फाटक दिलं. झाडूने द्यायचं ते एकदाच दिलं. बाकी राहिलं ते सोमारी भरते, रोज एक "हौ", आणि ते कुठल्याही मस्टरवर चढत नाही.